गोंदियाला गाडी बदलायची

तुम्ही मुंबईचे. कफ परेडपासून आरेपर्यंत साडेतेहेतीस किलोमीटर, जवळजवळ सगळी जमिनीखालून धावणारी मेट्रो एव्हाना तुमच्या अंगवळणी पडली आहे. कार्ड टेकवलं की फाटक उघडतं, गाडी थांबली की दार सरकतं, पुढचं स्टेशन कोणतं आणि कोणत्या बाजूला उतरायचं हे छतातला आवाज सांगतो. कुणाला काही विचारावं लागत नाही. त्याच मेट्रोने तुम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला आलात, वर चढलात आणि विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलात. गाडी गोंदियापर्यंतच जाते, त्यामुळे स्टेशन चुकायची धास्ती नाही. सकाळी नागपूर मागे पडलं, कन्हानचा पूल धडधडला आणि तुमचा डोळा लागला.

जाग येते ती डोळ्यात काहीतरी खुपल्यामुळे. कोळशाची कणी आहे. चोळू नका, चोळलीत तर संध्याकाळपर्यंत डोळा लाल राहील. पापणी चिमटीत धरून खाली ओढा आणि पाणी येऊ द्या. पाणी आलं, कणी वाहून गेली की आजूबाजूला बघा. गादीची बर्थ गेली आहे. खाली लाकडी फळ्यांचं बाक आहे आणि चौघांच्या जागेत सातजण आहेत. मोबाइल लागत नाहीये, खिशात नोटा वेगळ्या आहेत आणि चिल्लर वजनदार आहे. समोरच्या माणसाच्या मांडीवर घडी घातलेलं वर्तमानपत्र आहे. तारीख उलटी असली तरी वाचता येते: मंगळवार, १६ ऑक्टोबर १९५६.

डब्यातली निम्मी माणसं पांढऱ्या कपड्यांत आहेत. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, अजून खळ न गेलेले. रविवारी, विजयादशमीला, नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग समोर बसलेल्या लाखो लोकांना दिली. ही माणसं तिथून परतताहेत. कुणाचा आवाज बसलाय, कुणाच्या पायाला फोड आलेत, पण झोपलेलं कुणी नाही. एकजण बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणून दाखवतोय. अकराव्या-बाराव्याशी अडखळला की शेजारची पोरगी सुधारते. तुमच्या बाजूला बसलेली म्हातारी आपल्या लुगड्याचा काठ बोटाने चाचपून बघते. काठ नाहीच.

"कापड सरलं होतं जी सारं," ती सांगते. "दुकानदारानं धोतर फाडून देल्लं."

आता एक पथ्य सांभाळायचं आहे. तुम्हाला जे पुढचं माहीत आहे ते बोलायचं नाही. हा सगळा मुलूख अजून भंडारा जिल्ह्यात आहे. गोंदिया वेगळा जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागेल. याच भंडाऱ्यातून १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब लोकसभेसाठी उभे राहिले आणि हरले. ते या डब्यात कुणी विसरलेलं नाही. दाराशी उभा असलेला विडीवाला गडी म्हणतो, "पुढच्या साली पुन्हा इलेक्शन हाय. आता पाहा तुमी." सगळे माना हलवतात. ६ डिसेंबरला एक्कावन्न दिवस आहेत. तुम्ही खिडकीबाहेर बघा.

तिरोड्याला शिंगाडे घ्या. ऑक्टोबर हा शिंगाड्याचाच महिना. पूर्व विदर्भातल्या मालगुजारांनी बांधलेल्या तलावांत ढिवर लोक शिंगाड्याचे वेल लावतात, आणि त्यांच्या बायका टोपल्या घेऊन गाडीला येतात. मालगुजारी पाच-सहा वर्षांपूर्वी गेली, तलाव राहिले. उकडलेला शिंगाडा काळा असतो, दोन्ही बाजूंना शिंग, आणि ते शिंग नवख्याच्या बोटात हमखास जातं. शिंगाला धरू नका. मधल्या फुगीर भागावर दातांनी हलकं चिरा आणि साल दोन्हीकडे उलटवा. आत पांढरा, पिठूळ, किंचित गोड गर निघतो. एका आण्यात ओंजळ भरते. साली खिडकीबाहेर टाकल्यात तरी कुणी काही म्हणणार नाही, १९५६ साल आहे.

गंगाझरी गेलं. शेजारी विचारतो, "कुठी जाता जी?"

"बालाघाटला."

"मंग गोंदियाले गाडी बदला लागते. छोट्या गाडीत बसा लागते."

हेच करायला तुम्ही आला आहात.

फलाटावर उतरल्यावर मेट्रोवाल्याची पहिली चूक होते ती नकाशा शोधण्याची. रंगीत रेघा, गोल ठिपके, 'आपण इथे आहात' असलं काही इथे नाही. भिंतीवर वेळापत्रक आहे, ते इतक्या बारीक अक्षरांत की ते वाचणाऱ्यांपेक्षा त्याला पाठ टेकून बसणारे जास्त. तेव्हा नकाशा डोक्यातच काढा. मोठी लाईन पश्चिमेकडून येऊन पूर्वेकडे जाते, मुंबई-नागपूरहून हावड्याला. तिला इथे दोन छोट्या लाईनी मिळतात. एक उत्तरेला बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला चढते. दुसरी दक्षिणेला सौंदड, अर्जुनी मोरगाव, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड करत चांदाफोर्टला उतरते. नागपूरला मेट्रो यायची आहे आणि सीताबर्डीला तिच्या दोन मार्गिका एकमेकींना छेद देणार आहेत. त्याच्या कितीतरी आधी गोंदियाला चारही दिशांच्या गाड्या एका आवारात मिळतात. लोक इथे घर करायला येत नाहीत, गाडी बदलायला येतात. बदलताना जेवतात, मुक्काम करतात, खरेदी करतात, आणि मग त्यांच्यासाठी काहीजण कायमचे राहतात. गाव असं वाढलं.

आता खाली रुळांकडे बघा, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. मोठ्या लाईनच्या दोन रुळांतलं अंतर साडेपाच फूट. छोट्या लाईनचं अडीच फूट. फरक बरोबर तीन फुटांचा, आणि गोंदिया या तीन फुटांवर उभं आहे.

१८८० च्या आसपास नागपूरहून छत्तीसगडाकडे सरकारने जी रेल्वे घातली ती मीटर गेज होती. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती घेतली, रुंद केली, आणि १८९१ मध्ये नागपूर थेट आसनसोलला जोडलं. छत्तीसगडाचं आणि या झाडीपट्टीचं धान आता कलकत्त्याला जाऊ लागलं. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. सातपुड्याच्या पठारावर माणसं मेली. धान्य होतं तिथून त्यांच्यापर्यंत न्यायला वाट नव्हती. त्यानंतर १९०३ ते १९०५ या काळात गोंदिया ते जबलपूर ही सातपुड्यातली लाईन टप्प्याटप्प्याने सुरू झाली. डोंगराची वळणं आणि कमी खर्च, दोन्हींसाठी अरुंद. काही वर्षांत दक्षिणेकडची नागभीडची लाईनही आली. अरुंद लाईन घालताना वाचलेला पैसा पुढची शंभर वर्षं कुणाच्या अंगावरून वसूल झाला, ते तुम्हाला फलाटाच्या टोकाला दिसेल. पण आधी तिकीट काढा.

तिसऱ्या वर्गाच्या खिडकीपुढे रांग म्हणावी असं काही नसतं. माणसांचा एक घट्ट गठ्ठा असतो आणि त्यातून हात आत गेलेले असतात. तुम्हीही हात घाला, पैसे मुठीत ठेवा, आणि बाबूचा हात लागल्याखेरीज मूठ उघडू नका. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा. दशमान पद्धत, नवे पैसे, हे पुढच्या एप्रिलपासून. आज शंभराने हिशेब केलात तर फसाल. "बालाघाट, एक, थर्ड," एवढंच म्हणा. मराठीत म्हणा किंवा हिंदीत, या राज्याच्या दोन्ही भाषा आहेत. नागपूर राजधानी असलेलं हे मध्यप्रदेश राज्य आहे आणि त्याचे शेवटचे पंधरा-सोळा दिवस चालू आहेत. बाबू मागच्या कप्प्यांच्या मांडणीतून पुठ्ठ्याचं छोटं तिकीट ओढतो, एका लोखंडी यंत्राच्या खाचेत खुपसतो, खट्. तारीख उमटते. भाडं काही आण्यांत भागतं.

पहिल्या वर्गाचा मोह होईल, तो आवरा. गेल्या वर्षीच जुना फर्स्ट क्लास बंद झाला आणि सेकंडला फर्स्ट म्हणू लागले. गादी तीच, पाटी नवी. शिवाय फर्स्टमध्ये बसलात तर वाटेत कुणी तुमच्याशी बोलणार नाही, आणि न बोलता हा प्रवास करण्यात काही अर्थ नाही.

आता फलाटाच्या टोकाला चला. नाकाला आधी मोहरीच्या तेलाचा, मग धानाच्या कोंड्याचा, मग कोळशाचा वास येईल. मालधक्क्याच्या एका अंगाला मोठ्या लाईनची वाघीण उभी आहे, दुसऱ्या अंगाला छोट्या लाईनची. मधे बायका. बालाघाटच्या भरवेली खाणीचं मँगनीज छोट्या गाडीतून इथवर येतं, आणि इथून पुढे विशाखापट्टणम बंदराकडे मोठ्या गाडीतून जातं. मधला सगळा प्रवास या बायकांच्या डोक्यावरून होतो. टोपली बघा, केवढीशी आहे. शेणाची पाटी याहून मोठी असते. तुम्हाला वाटेल, एवढीच का भरतात? उचलून बघा. मँगनीज दगडाहून जड असतं. अर्धी टोपली उचलताना तुमचं मनगट वळेल. बाई चुंबळ नीट बसवते, दोघी मिळून टोपली तिच्या डोक्यावर ठेवतात, ती फळीवरून चालत जाते, मान जराही न हलवता टोपली आत उलटी करते आणि परत येते. मान हलली तर मणक्याला कळ लागते, हे तिला ठाऊक आहे. तिचे तळहात, चेहरा, दात काळे झाले आहेत. एका वाघिणीत अशा किती टोपल्या, ते मोजायला मुकादम हातात खडू घेऊन उभा आहे.

हेच पलीकडे लाकडाचं, बांबूचं, तेंदूपानाच्या पोत्यांचं, हिरड्याचं. आणि उलट दिशेने मिठाचं, कापडाचं, रॉकेलचं. दोन्ही लाईनी एकाच मापाच्या असत्या तर यातलं काहीही इथे उतरलं नसतं. गाड्या न थांबता गेल्या असत्या आणि गोंदिया तिरोडा तहसिलीतलं एक धानाचं खेडं राहिलं असतं. अडते, विड्यांचे कारखाने, राईस मिला, मारवाडी-गुजराती पेढ्या, धर्मशाळा, सगळं त्या तीन फुटांच्या अडचणीने जमवलं. अडचण गावाला फळली. टोपलीखालच्या बाईला किती फळली, ते मुकादमाच्या वहीत नसतं.

छोटी गाडी लागली आहे. ती ओळखायची कशी, असा प्रश्न पडणार नाही. मोठ्या फलाटावरून आल्यावर डबे एकदम खांद्याला आल्यासारखे वाटतात. तरी एकदा हमालाला विचारा, कारण जबलपूरची आणि चांद्याची गाडी दिसायला सारखी. "नैनपूरची ना?" असं विचारायचं, बालाघाट विचारलंत तरी चालेल, पण इथे गाडीला तिच्या दूरच्या गावाने ओळखतात. चुकून चांद्याच्या गाडीत बसलात तर थेट उलट्या दिशेला जाल, आणि कुठलाही आवाज तुम्हाला सावध करणार नाही.

पांढऱ्या कपड्यांतल्या म्हातारीचा इथे निरोप घ्या. ती अर्जुनीची, तिला चांद्याची गाडी. तिच्या नातवाने बोचकं उचललंय. त्या गाडीतून कुणीतरी ओरडतं, "भगवान बुद्ध की," आणि फलाटावर विखुरलेले सगळे पांढरे कपडे एकदम "जय" म्हणतात. चहावाला क्षणभर किटली धरून थांबतो. मग पुन्हा ओतू लागतो.

इंजिन बघून घ्या. बंगाल नागपूर रेल्वेने १९०६ च्या सुमारास ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीकडून आणवलेली 'सीसी' जातीची इंजिनं अजून या लाईनींवर राबताहेत, आणि अजून बरीच वर्षं राबतील. रेल्वे राष्ट्राची झाली, गेल्या वर्षी तिचं नाव दक्षिण पूर्व रेल्वे झालं, पण इथे जुनी माणसं अजून बी. एन. आर.च म्हणतात.

आत शिरा. पंखा नाही. समोरासमोरच्या बाकांत अंतर इतकं कमी की गुडघे एकमेकांत गुंफूनच बसावं लागतं. उंच माणसाने गुडघे तिरके ठेवायचे, तशी इथली रीत आहे. डाव्या बाजूची खिडकी धरा, वैनगंगा त्या अंगाला आहे. इंजिनकडे पाठ करून बसा म्हणजे कोळसा डोळ्यात जाणार नाही. आणि घाई सोडा. गाडी सुटली हे तुम्हाला लगेच कळत नाही. फलाट हळूच मागे जाऊ लागतो, एक पोरगा गाडीबरोबर चालत चालत शेंगदाण्याची पुडी देतो, पैसे मोजून घेतो, उरलेले परत करतो, आणि मगच मागे राहतो.

गावाबाहेर पडताच दोन्हीकडे धान. हलक्या धानाची कापणी सुरू झाली आहे, भारी धान अजून हिरवंपिवळं उभं आहे. बांध्यांच्या धुऱ्यांवरून बायका ओळीने चालल्यात. लाईन एकेरी, त्यामुळे पुढच्या स्टेशनची परवानगी मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही. प्रत्येक स्टेशनात गार्ड, मास्तर आणि ड्रायव्हर यांचं काहीतरी बोलणं होतं, त्यात कामाचं थोडं आणि घरचं जास्त. चाळीस किलोमीटरला किती वेळ लागेल असं विचारू नका. शेजारचा म्हणेल, "पोचते ना बापा."

बोलणं एव्हाना नोव्हेंबरवर आलेलं असतं. पहिल्या तारखेपासून राज्यांची फेररचना. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात, बालाघाट नव्या मध्यप्रदेशात, राजधानी भोपाळला. तुमच्यासमोर एक शाळामास्तर आहे, एक धानाचा अडत्या आहे आणि एक बाई पोराला पाजत बसली आहे.

मास्तर बालाघाटकडचे. ते म्हणतात, आमचं हायकोर्ट नागपूरचं जबलपूरला चाललं, ते एक वेळ ठीक, ही गाडी तिथेच जाते. पण वर्गातली निम्मी पोरं घरी पोवारी बोलतात, मराठी वाचतात. त्यांना उद्या मी काय शिकवायचं?

अडत्याला भाषेशी देणंघेणं नाही. त्याचं धान नदीपलीकडून येतं. मधे नाका बसला तर?

"नाका बसवून काय करतील?" मास्तर.

"काय करतील मंजे? पैसे घेतील."

बाई इतका वेळ गप्प असते. मग म्हणते, "माह्यं माहेर खाऱ्याचं. मंग मी आता परराज्यातली का जी?" सगळे हसतात. ती हसत नाही, उत्तराची वाट बघते. खारा हे नदीपलीकडचं पहिलंच स्टेशन.

तुम्ही भविष्यातले, तुम्हाला उत्तर माहीत आहे. हो, परराज्यातली. सासरची मतदारयादी एका राज्यात, माहेरची दुसऱ्या. तिच्या पोराने नोकरीसाठी अर्ज केला तर रहिवासाचा दाखला कुठला जोडायचा हा प्रश्न येईल. चार वर्षांनी सासरच्या राज्याचं नावही बदलेल. पण लग्नं होत राहतील, पाहुणे येत-जात राहतील, आणि या पट्ट्यात माणूस एका वाक्यात मराठी सुरू करून हिंदीत संपवत राहील. गंमत अशी की रेल्वेला या हद्दीचं काहीच पडलेलं नाही. नदीच्या अलीकडचा रूळ आणि पलीकडचा रूळ, दोन्हींचा हुकूम कलकत्त्याहून सुटतो, तो १ नोव्हेंबरलाही कलकत्त्याहूनच सुटेल. सरकारं नकाशावर रेघ ओढतात तेव्हा रेल्वेचा नकाशा बहुधा बाजूला ठेवलेला असतो.

बिरसोला आलं, गेलं. आता उठून दाराशी उभे राहा. गाडी आणखी मंदावते, आवाज बदलतो, खाली मातीऐवजी हवा येते. बाघ नदी. डावीकडे थोड्या अंतरावर ती वैनगंगेला मिळते. पाऊस संपून फार दिवस झालेले नाहीत, पाणी भरपूर आहे, पण गाळ बसून ते निवळायला लागलंय. कुणी पैसा टाकतं, कुणी हात जोडतं. पुलाच्या या टोकाला पाटी नाही आणि त्या टोकालाही नाही. दोन आठवड्यांनी इथून राज्याची हद्द जाणार आहे, आणि आज त्याच जागी एक माणूस म्हशीला धुतोय.

खाऱ्याला बाई उतरते. फलाटावर तिचा भाऊ आलेला असतो.

बालाघाटला फाटकाशी तिकीट द्यावं लागतं. ठेवून घ्यायची इच्छा होईल, पण टीसी सोडणार नाही. पुढे जायचं असेल तर गाडी चढत जाते नैनपूरला. तिथून एक फाटा मंडल्याला, एक सिवनीवरून छिंदवाड्याला, आणि मुख्य लाईन जबलपूरला. छोट्या गाड्यांचं एवढं मोठं जंक्शन देशात दुसरं सापडणं कठीण. किपलिंगने ज्या सिवनीच्या रानात मोगलीला वाढवलं तेच हे रान. त्याचं पुस्तक १८९४ चं, गाडी त्यानंतर दहा वर्षांनी आली, म्हणून मोगलीच्या गोष्टीत तिची शिट्टी ऐकू येत नाही. तिथवर जायला तुम्हाला उद्याचा दिवसही लागेल. तुमच्याकडे तो नाही. परतीच्या गाडीत बसा.

या वेळी जाग येते ती आवाजाने, किंवा आवाज नसल्याने. धूर नाही. पुढे डिझेल इंजिन आहे, डबे तेच, बाकं तीच. बालाघाटच्या लाईनवरचे शेवटचे दिवस आहेत हे, २००५ च्या सुमाराचे. दक्षिणेकडची चांद्याची लाईन नव्वदच्या दशकातच रुंद झाली. रुळांशेजारी नव्या सिमेंटच्या स्लीपरांच्या थप्प्या लागल्यात. डब्यात बोलणं एकच: मोठी गाडी झाली की किती वेळ वाचेल. छोटी गाडी जाणार म्हणून हळहळणारा एकजण आहे, तो पुण्याहून कॅमेरा घेऊन आलाय. रोज ये-जा करणारं कुणी हळहळत नाही. त्यांचं बरोबर आहे. ज्याला दवाखान्यात वेळेवर पोचायचंय त्याला अडीच फुटांच्या रुळांत काव्य दिसत नाही, आणि दिसावं अशी अपेक्षा करणं हे पाहुण्याचं लाडावलेपण झालं.

पुढचं भराभर. २०१५ च्या ऑक्टोबरपासून जबलपूर-नैनपूरची छोटी गाडी बंद. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये नागपूर-नागभीडची बंद. २०२०-२१ पर्यंत गोंदिया ते जबलपूर सलग मोठी लाईन तयार. उत्तरेहून दक्षिणेला जाणाऱ्या लांबच्या गाड्या आता या वाटेने गोंदियाला येतात आणि तशाच पुढे निघून जातात. मालगाड्यांचंही तेच. बाघ नदीवरून आलेली वाघीण उघडायची गरज राहिली नाही. डोक्यावर टोपली घेऊन फळीवरून चालणारी बाई आता त्या धक्क्यावर नाही, आणि या सगळ्या बदलात एवढी एक गोष्ट जरी धरली तरी तो व्हायलाच हवा होता असं मी म्हणेन. पन्नास वर्षं आधी व्हायला हवा होता.

भीती अशी होती की तीन फुटांचा फरक मिटला की गोंदियाही मिटेल. तसं झालं नाही. तोवर तांदळाच्या गिरण्या होत्या, शाळा-कॉलेजं होती, बाजार होता. नागपूर-बिलासपूर वंदे भारत ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाली, ती गोंदियाला थांबते. कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येऊन इथेच संपते. विदर्भ एक्स्प्रेसही इथेच संपते. पण स्टेशनात गाडी बदलणाऱ्यांची ती गर्दी आता नाही. फलाटावर उतरून माणसं सरळ रिक्षाकडे जातात. कुणाला काही विचारावं लागत नाही, मुंबईच्या मेट्रोसारखंच. अर्जुनीच्या म्हातारीला आज गाठायचं तर तुम्हाला इअरफोन काढावे लागतील, आणि तिच्या नातवालाही.

जायचं असेल तर दिवसा उजेडी जा, ऑक्टोबरात जा. तिकीट काढताना गावाचं पूर्ण नाव टाकायची गरज नाही. रेल्वेच्या लेखी गोंदियाचा कोड एकच अक्षर आहे, 'जी'. बालाघाटकडची गाडी पकडा, डावी खिडकी धरा, बिरसोल्यानंतर मोबाइल खिशात ठेवा. पूल आता काही क्षणांत संपतो. शेजारच्या बाईला माहेर कुठलं ते विचारा. छोटं इंजिन जवळून बघायचं राहून गेलं असेल तर परतताना नागपूरला उतरा, मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात ती जुनी इंजिनं उभी आहेत, त्यांना हात लावता येतो. शिंगाडे मात्र गोंदियालाच घ्या, आणि शिंगाला धरू नका.